दार कोणी लावलं?

१

दार पुन्हा गेलं.

तेही भर दुपारी. पाण्याच्या टँकरचा हॉर्न वाजला, की माळावरच्या नव्या वसाहतीतलं झाडून सगळं माणूस बादल्या घेऊन पळायचं. लंगडेसुद्धा पळायचे, आणि पुढचा नंबर मिळाला की मग लंगडायचे. तेवढ्या वेळात कोपऱ्यावरच्या पंपवाल्याच्या घराचं पांढरं, कोरं करकरीत फायबरचं दार बिजागऱ्यांवरून उतरून नाहीसं झालं. चौकट तेवढी राहिली.

"बाई, हे दुसरं," पंपवाला म्हणाला. पाण्याची बादली अजून त्याच्या हातातच होती. "माणसं सायकली चोरतात, कोंबड्या चोरतात. दार कोण चोरतं हो?"

जमादारबाई गुडघ्यावर हात टेकून चौकटीची पायरी चढल्या. पोलिसातली नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, पण गावानं त्यांना निवृत्त होऊ दिलं नव्हतं. नदीनं गाव धुऊन नेलं त्यानंतर तर मुळीच नाही. कोणाचं भांडं हरवलं, कोणाची ताडपत्री बदलली, की लोक त्यांच्याच खोलीशी येऊन उभे. त्यांनाही ते बरंच होतं. पुरात त्यांची थोरली जाऊ गेली होती. चाळीस वर्षं दोघी एका घरात भांडल्या, आणि आता भांडायलाही कोणी उरलं नव्हतं. रिकाम्या खोलीत बसण्यापेक्षा दुसऱ्याचं दार शोधणं चांगलं.

"घरवाटपाचे साहेब काय म्हणाले?"

"तेच. दार नाही ते घर पुरं नाही, आणि पुरं नाही त्याची किल्ली नाही." पंपवाल्यानं बादली खाली ठेवली. "शनिवारी सकाळच्या गाडीनं पोरीची मावशी, ताई, परत आपल्या गावी निघाल्यात. पोरीचं नाव तिकडच्या शाळेत घालणार. म्हणाल्या, तुझं घर उभं राहिलं असतं तर ठेवलीही असती, उघड्या चौकटीत कशी ठेवू? आणि बाई, एकदा ती तिकडे गेली, की..."

त्याची बायको पुरात गेलेली. उरली ती ही एक पोर, आणि तीही पत्र्याच्या शेडमध्ये मावशीपाशी.

जमादारबाईंनी चष्मा पुसला आणि चौकटीला नाक लावलं. बिजागऱ्या दारासोबत गेल्या होत्या. पण ज्या स्क्रूंनी त्या बसवल्या होत्या ते स्क्रू गेले नव्हते. एकूण एक स्क्रू चौकटीतल्या आपापल्या भोकात परत पिळून बसवलेला होता. नीट, शेवटपर्यंत.

"अरे," त्या हळूच म्हणाल्या, "हा कसला चोर? दार घेऊन पळतो, आणि पळण्याआधी आवराआवर करतो?"

२

वसाहतीचा संशय सुतारावर होता. दारं त्याच्या हातून बसायची. तोच काढून पुढच्या वसाहतीत विकत असेल, असं टँकरच्या रांगेत एकमतानं ठरलं होतं.

"विकतो ना!" सुतार रंध्याखालची फळी सोडून उभा राहिला. उभा राहिला की शेडचं छत त्याच्या टाळूला लागायचं. "दारं विकून बंगला बांधतोय मी. फक्त खिडक्याच आहेत त्याला."

"चिडू नका, सुतारदादा. तुम्ही चोर असता तर मी चहा पिऊन आले असते. मदत हवी म्हणून धावत आले. हे बघा." त्यांनी एक स्क्रू काढून आणला होता.

सुतारानं तो उजेडात फिरवला. राग गेला आणि कामातला माणूस वर आला. "खाचेच्या मधोमधच खरवडलंय. पातं अगदी बारीक असणार. माझं पातं अख्खी खाच भरतं. आणि ज्यानं काढलाय त्याच्या मनगटात जोर नाही. दहादा घसरलंय."

"दाराशी रंगाचा डबा पालथा पडला होता. तो कोणाचा?"

"रंगाऱ्याचा. आत असतो कोपऱ्यात."

"उंबऱ्यापाशी कसा आला? वरची बिजागरी काढायला तुम्ही डब्यावर चढता?"

"मी?" सुतार हसला. "मी बसून काढीन."

जमादारबाई वळल्या आणि जाता जाता थांबल्या. पोलिसातली ही एक सवय त्यांना आवडायची. खरं बोलणं बहुतेक वेळा दाराशीच निघतं. "पंपवाल्याचं आणि तुमचं काही बिनसलंय का?"

सुतारानं रंधा हातात घेतला, ठेवला. "सगळ्यात आधी मी त्याला लाकडाचं दार बसवलं होतं. सरकारी नाही. चांगलं मुरलेलं लाकूड, माझ्या पदरचं. म्हटलं, असू दे. तो आला, दार बघितलं आणि असा पेटला! 'हे दार कोणी लावलं? ज्यानं लावलं त्याला मी जन्मात माफ करणार नाही!' अख्खी वसाहत डोक्यावर घेतली. मेहुणी घर बघायला आली होती, पोर होती तिच्याबरोबर, कशाची लाज नाही. मी गप मागच्या दारानं सटकलो. दुसऱ्या दिवशी फायबरचं आणून बसवलं. तेव्हापासून ही चोरी."

"लाकडाचं म्हणून एवढा राग?"

"पुरात त्याच्या घराचं दार फुगलं, बाई. आतून कडी. उघडलंच नाही." त्यानं खाली बघितलं. "बायको आत होती."

"ते मला माहीत आहे. मी विचारतेय, तुम्ही पदरचं लाकूड का घातलंत?"

सुतार रंधा फळीवर उलटा चालवायला लागला.

संध्याकाळी पंपवाला नळाचा पाइप जोडत बसला होता. जमादारबाईंनी त्याला स्क्रूंचं सांगितलं; काढलेला स्क्रू परत त्याच भोकात ठेवायची सवय तुझ्या ओळखीत कोणाला आहे का, असं सहज विचारलं.

पाइप त्याच्या हातातून सुटला.

"आहे. होती." तो म्हणाला. "ती नेहमी असंच करायची. म्हणायची, स्क्रू वेगळा ठेवला की हरवतो. त्याला त्याच्या घरातच ठेवावं."

"ती कोण?"

"माझी बायको."

३

मेलेली माणसं दारं चोरत नाहीत. पण सवयी मागे ठेवून जातात, आणि त्या कोणाकडे तरी राहतात. जमादारबाई दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या शेडमध्ये गेल्या.

मावशीनं डाव्या हातानं चहा ओतला. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. टँकरच्या रांगेत घसरून मोडलेला. निम्मा चहा बशीत, निम्मा मांडीवर. "मुंगे, फडकं दे गं."

कोपऱ्यातून एक किडकिडीत पोरगी उठली, फडकं दिलं, आणि जाता जाता मावशीच्या स्वेटरची सुटलेली बटणं लावून गेली. तोंडातून शब्द नाही. पाण्याची भरलेली घागर दोन्ही हातांनी उचलून ती बाहेर गेली तेव्हा घागर जास्त दिसत होती आणि पोर कमी.

"हे नाव तिच्या आईनं ठेवलेलं," मावशी म्हणाली. "चालायला लागली तेव्हापासून आपल्यापेक्षा मोठं काहीतरी ओढत असायची. खुर्ची, गादी. एकदा शेजाऱ्यांचं कुत्रं."

"दारं चोरीला जातायत, कळलं असेल."

"कळलं. आणि नाव माझं घेताय तेही कळलं." मावशीनं कप आपटला. "घ्या. दार नसलं की पोर माझी. हिशेब सरळ आहे. पण जमादारबाई, पोर मी ओढून नेत नाहीये. तिलाच तो नकोय. तो त्या घरात ओरडला ना, त्या दिवसापासून तिनं 'बाबा' हा शब्द काढलेला नाही. तो आला की ही शेडच्या मागे. मला वाटलं, घाबरली असेल, होईल दोन दिवसांत नीट. नाही झाली. माझी एकुलती बहीण गेली. तिची एवढी निशाणी सुखात राहावी, एवढंच बघते मी. यात चूक काय?"

"काही नाही," जमादारबाई म्हणाल्या, आणि खरंच तसं वाटून म्हणाल्या.

भिंतीशी शिलाई मशीन होती. पुरातून वाचलेली एवढी एकच वस्तू. "हिच्या आईची?"

"आमच्या आईची. मग तिची. तिला दुरुस्तीची आवड, अख्खी मशीन खोलून परत जोडायची. पोरीलाही शिकवलेलं."

मशीनच्या खालचा खण जमादारबाईंनी नुसता बोटानं ओढला. रिळं, खडू, तेलाची कुपी. आणि मशीनचा स्क्रूड्रायव्हर, करंगळीएवढा, बारीक पात्याचा. त्याच्या मुठीला चिखल लागून वाळला होता.

शेडमध्ये चिखल नव्हता. माळावरही नव्हता. चिखल खाली होता, जुन्या गावात.

जमादारबाईंनी प्लास्टरमधल्या हाताकडे बघितलं. ज्या हाताला स्वतःच्या स्वेटरचं बटण लावता येत नव्हतं, तो कुठला स्क्रू पिळणार? मग त्यांनी दाराबाहेर बघितलं. घागर पायरीवर तशीच होती.

मुंगी नव्हती.

४

जुन्या गावाच्या वेशीवर दारांचा ढीग होता. पूर ओसरल्यावर घरं उपसली, तेव्हा जे जे तुटकं निघालं ते वेगवेगळं रचलेलं: इथं पत्रे, तिथं पलंग, आणि इथं दारं. निळी, हिरवी, कोणाच्या नावाची पाटी असलेली, कोणाचं पोस्टाचं छिद्र असलेली. सगळ्यांवर एकच चिखल, वाळून भेगाळलेला. जमादारबाईंच्या जावेच्या खोलीचंही दार यात कुठंतरी होतं. ते जाऊ कधी बंद करायची नाही. "दार लावायला हात झिजतात का तुमचे?" हे वाक्य जमादारबाईंनी चाळीस वर्षं रोज म्हटलं होतं.

दार लपवायचं तर दारांतच, हे पोरीला बरोबर सुचलं होतं.

ढिगाच्या कडेला दोन दारं अशी होती की त्यांच्यावरचा चिखल भेगाळलेला नव्हता. सारवल्यासारखा हातानं फासलेला होता. तळवे उमटले होते. जमादारबाईंनी आपला हात एका ठशावर ठेवला. ठसा त्यांच्या तळव्यात मावला.

"आजी, पुसू नका ते," मागून आवाज आला. "परत लावायला लागेल."

मुंगी एका हिरव्या दारावर बसली होती. जमादारबाई तिच्या शेजारी बसल्या. गुडघे वाजले ते दोघींनी ऐकलं.

"एकटीनं आणलंस?"

"फायबरचं हलकं असतं. उतारावर आपोआप येतं."

"आणि स्क्रू परत ठेवलेस."

"मग? हरवतात ना."

जमादारबाईंनी विचारलं, "बाबाकडे जायचं नाही म्हणून?"

मुंगीनं मान हलवली. ती हो म्हणतेय की नाही म्हणतेय, ते कळेना. "दार झालं की तिथं जायला लागणार. मग ते विचारणार."

"काय विचारणार?"

"ते शोधतायत. दार कोणी लावलं ते. म्हणाले, ज्यानं लावलं त्याला जन्मात माफ करणार नाही. मी ऐकलंय. मी तिथंच होते."

जमादारबाईंना आधी काही कळलं नाही. आणि मग कळलं, तेव्हा त्यांनी बसल्या जागी फळी घट्ट धरली. दार लावणं. सुतार दार लावतो, आणि आपण रोज रात्री लावतो तेही दारच. बोलायला शब्द एकच. आजवर तो कोणाला अडला नव्हता.

"तू लावलं होतंस," त्या म्हणाल्या. "पुराच्या दिवशी."

"आईच्या हातात मशीन होती. माळ्यावर चढवत होती. बाबा पंप बंद करायला चालले होते. बाहेरून म्हणाले, दार लावून घ्या. आई म्हणाली, थांब, येते. पण मीच लावलं. वरची कडी घातली. खालची पण. खालची जाम असते, नेहमी मला लागत नाही, त्या दिवशी लागली." सांगताना तिला त्यातही थोडा अभिमान वाटला आणि लगेच विझला. "मग पाणी आलं. आईनं मला माळ्यावर ढकललं, कौलं काढली. ती त्यातून मावेना. म्हणाली, तू वर जा, मी दारानं येते. मग खालून म्हणाली, घट्ट लागलंय गं."

"मग?"

"मग काही म्हणाली नाही."

जमादारबाईंनी नोकरीत किती जणांचे जबाब घेतले असतील. आज त्यांनी अंगावरची शाल काढून पोरीच्या खांद्यावर टाकली.

"दार नकोच, आजी," मुंगी म्हणाली. "दार असलं की कोणीतरी लावतंच."

५

चोर सापडला, असा निरोप जमादारबाईंनी तिघांनाच पाठवला. कोपऱ्यावरच्या घरात, त्या उघड्या चौकटीच्या आत, पंपवाला आला, मावशी आली, सुतार वाकून आला. मुंगी जमादारबाईंच्या मागे उभी, त्यांच्या शालीचं टोक मुठीत.

"आधी एक सांग," जमादारबाई पंपवाल्याला म्हणाल्या. "त्या दिवशी इथं ओरडलास, ते कोणाला?"

"त्याचं काय आता? सुताराला. लाकडाचं दार बसवलं म्हणून. फुगणारं दार परत माझ्या घराला..."

"मलाच, मलाच," सुतार म्हणाला. "मागच्या दारानं पळालो मी. साक्षीदार पाहिजे असला तर रंगारी आहे, त्याच्या अंगावरून गेलो."

शालीचं टोक सैल झालं. मुंगी पुढं आली. तिनं सुताराकडे बघितलं, मग बापाकडे. कितीतरी दिवसांनी बघितलं.

"बसवलं, असं म्हणायचं ना मग," ती म्हणाली.

पंपवाल्याला अजून काही उमगलं नव्हतं. मग तो चौकटीतले स्क्रू बघायला लागला, आणि पोरीच्या नखातला चिखल. जमादारबाईंना काहीच सांगावं लागलं नाही.

"पण मी लावलं होतं, बाबा. खरं दार. त्या दिवशी. दोन्ही कड्या."

तो फरशीवर बसला. "मी सांगितलं म्हणून लावलंस," तो म्हणाला. "बाहेरून कोण ओरडलं? मी. एवढंच बोललो मी तुझ्या आईशी शेवटचं, आणि तेही चालता चालता, मागं न बघता. मला वाटत होतं, दार लावायला तीच उठली असेल. तूच असशील असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही, मुंगे. कुणा तिसऱ्यानंच लावलं असतं तर बरं झालं असतं, असं रोज वाटायचं."

मग मावशीनं प्लास्टरचा हात भिंतीला टेकला.

"फोन मी केला होता. म्हटलं, पाणी वाढतंय, आईची मशीन तेवढी वर चढव. मशीनपायी तिची वेळ गेली. नाहीतर दोघी कधीच्या बाहेर पडल्या असत्या." ती रडत नव्हती, रडून झालेल्या माणसासारखं सपाट बोलत होती. "आता तीच मशीन माझ्या उशाशी."

सुतार चौकटीशी उभा होता. तो चौकटीलाच बोलला. "जुनं दार माझ्याच हातचं. लग्नात यानं घाई केली आणि मी ओलं लाकूड लावलं. मुरू द्यायचं होतं अजून. म्हणून इथं दुसरं पदरचं, मुरलेलं आणलं होतं. ते फुगलं नसतं."

जमादारबाईंना आयुष्यात कबुल्या काढायला फार कष्ट पडले होते. इथं चोरी एकीनं केली होती आणि कबुली चौघांनी दिली. आणि चौघांपैकी कोणाला पकडावं, असं त्यांना वाटेना.

"गुन्हा नदीनं केलाय," त्या शेवटी म्हणाल्या. "ती तर रोज समोरून वाहते. तिला काही विचारून बघा कोणीतरी."

कोणी हसलं नाही, पण मुंगी बापाजवळ जाऊन बसली. त्याला टेकली नाही. नुसती जवळ बसली.

दारं त्यांनी चौघांनी मिळून वर आणली आणि एक धुतलं. चिखल गेला, खालच्या कोपऱ्यात एका तळव्याची पिवळट सावली राहिली, ती सुतारानं घासू दिली नाही. बिजागऱ्या बसवताना त्यानं स्क्रू मुंगीच्या हातात दिले, एकेक करून ती देत गेली. शेवटी तो कडी घेऊन उभा राहिला.

"नको," पंपवाला म्हणाला.

साहेबांनी दार आहे एवढं बघितलं आणि किल्ली दिली. शनिवारच्या गाडीत मावशी एकटी चढली. मशीन तिनं मागे ठेवली. खिडकीतून काहीतरी सांगत होती, स्वेटरचं बटण सुटलेलं, पण इंजिनाच्या आवाजात कळलं नाही. मुंगी गाडीबरोबर थोडं पळाली आणि थांबली.

त्या संध्याकाळी जमादारबाई पंपवाल्याच्या घरावरून मुद्दामच गेल्या. आत दिवा होता. पंपवाला पंपावर निघाला होता, पायात चपला घालून पायरी उतरला होता.

"मुंगे, दार ला..." त्याचा आवाज आला, आणि तुटला.

रस्त्यावर जमादारबाई जागच्या जागी थांबल्या. आतून मग पावलं वाजली, लहान, दारापर्यंत आली.

"नुसतं लोटून घेऊ?" मुंगीनं विचारलं.

पंपवाला वळला. या वेळी तो पूर्ण वळला, आणि तिच्याकडे बघत उभा राहिला.

"हो," तो म्हणाला. "लोट नुसतं."